पहिली बोट: तवसाळच्या एका जीपी रेटिंगची सोळा महिन्यांची शोधाशोध

माझा भाचा जून २०२३ मध्ये जीपी रेटिंगचा, म्हणजे डेक आणि इंजिन दोन्हीकडे काम करणाऱ्या खलाशाचा, कोर्स संपवून घरी आला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिल्या बोटीवर चढला. मधल्या सोळा महिन्यांत काय काय झालं ते लिहून ठेवतोय. मी बोटीवरून एबी, म्हणजे अनुभवी डेक खलाशी, म्हणून निवृत्त झालेला माणूस. त्यामुळे घरात प्रत्येक गोष्ट मलाच विचारली गेली, आणि या उशिरातले निदान आठ महिने माझ्या खात्यावर आहेत. नावं कुणाचीच देत नाही, ना माणसांची ना कंपन्यांची.

ताईचं घर गुहागर तालुक्यात, तवसाळला. समोर शास्त्रीची खाडी, पलीकडे जयगड. रात्री ओटीवर बसलं की बंदराचे दिवे दिसतात. पोरगा दहावीला ६८ टक्के. कोर्सच्या वेळी वय १८. कोर्सची फी, हॉस्टेल, युनिफॉर्म, बूट, मेडिकल मिळून दोन लाख साठ हजार गेले. त्यातले दोन लाख पतपेढीचे. हप्ता सुरू झाला तो कोर्स चालू असतानाच.

कागदांच्या बाबतीत पोराचं काही चुकलं नव्हतं. सहा महिन्यांचा कोर्स, त्यातच पाच बेसिक मॉड्यूल: पाण्यात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षा आणि जबाबदारी, बोटीची सुरक्षा. शेवटी बीईएसची, म्हणजे खलाशांच्या परीक्षा मंडळाची, एक्झिट परीक्षा. इन्डॉस नंबर (खलाशाचा सरकारी ओळख क्रमांक) होता, पासपोर्ट होता, ऑगस्टमध्ये सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंद-पुस्तक, हातात आली. दहा वर्षांची वैधता, कोरी करकरीत पानं. भावोजींनी ती देवापुढे ठेवली. मला जरा हसू आलं, पण मीही माझी पहिली सीडीसी अशीच ठेवली होती.

इन्स्टिट्यूटच्या माहितीपत्रकात 'शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स' असं छापलेलं होतं. घरच्यांनी त्यातला 'असिस्टन्स' वाचलाच नव्हता. पासआउटच्या दिवशी मुलांना मिळाला तो बावीस कंपन्यांच्या ईमेलचा कागद. त्यातले सहा मेल परत आले.

बेलापूर

मी त्याला सांगितलं, 'बेलापूर गाठ.' मॅनिंगची, म्हणजे बोटींना खलाशी पुरवणारी, ऑफिसं पूर्वी फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेटमध्ये असत, आता बरीचशी सीबीडी बेलापूर, वाशी, अंधेरी, पवई अशी पांगली आहेत. रात्रीच्या एसटीने पनवेलला उतरायचं, स्टँडवर तोंड धुवायचं, लोकलने बेलापूर, आणि दहा वाजल्यापासून टॉवरमागून टॉवर. बहुतेक ठिकाणी वॉचमनच अडवतो. टेबलावर पुठ्ठ्याचा खोका, त्यात बायोडेटा टाकायचा. पोराने पहिल्या खेपेला एकोणीस ठिकाणी टाकला. एका ठिकाणी खोका इतका भरलेला होता की त्याचा कागद वरून घसरून खाली पडला. वॉचमनने तो उचलून पुन्हा वर ठेवला, एवढंच.

आत बोलावलं तिथे प्रश्न एकच: 'सी टाइम किती?' म्हणजे बोटीवर किती महिने काढले. नाही म्हटलं की, 'सहा महिने करून या, मग बघू.' सहा महिने करायचे कुठे, हे विचारायच्या आत पुढच्याचं नाव पुकारलेलं असे.

लोकांना वाटतं कंपन्या मुद्दाम नवख्यांना टाळतात. तसं नाही, हिशेब साधा आहे. बोटीवर कमीत कमी किती माणसं लागतात ते सेफ मॅनिंगच्या कागदावर ठरलेलं असतं. ट्रेनी त्या आकड्याच्या वरचा. त्याला केबिनमध्ये बंक लागतो, जेवण लागतं, तिकीट लागतं, आणि लाइफबोटीत जागा लागते. सेफ्टी इक्विपमेंटच्या सर्टिफिकेटवर जितक्या माणसांची सोय लिहिली आहे त्याच्या पलीकडे एकही माणूस चढवता येत नाही. म्हणून एका बोटीवर एखाद-दुसरा ट्रेनी, आणि ती जागा बहुतेक वेळा कंपनीने स्पॉन्सर केलेल्या मुलाला. इकडे जानेवारीत आणि जुलैत सुरू झालेल्या, अशा वर्षाला दोन बॅचा बाहेर पडतात. डीएनएस, म्हणजे डेक अधिकारी व्हायचा सुरुवातीचा कोर्स, करून आलेल्या डेक कॅडेटांचीही तीच रांग, फक्त त्यांची फी जास्त आणि बूट जास्त चकचकीत.

माझी चूक इथेच झाली. माझ्या डोक्यात बोट म्हणजे फॉरेन गोइंग, परदेशी जाणारी. मी लागलो तेव्हा रोस्टरचा जमाना होता. नाव वर सरकलं की बोलावणं यायचं. त्या काळी किनाऱ्यावरच्या छोट्या बोटींना आम्ही बोट म्हणतच नव्हतो. सप्टेंबरमध्ये भाच्याने एकदा विचारलंही होतं, 'मामा, समोर जयगडवरून त्या लहान बोटी कोळसा घेऊन जातात, त्यांच्यावर घेत असतील का?' मी म्हटलं, 'बार्जवर जायचंय तर एवढा कोर्स कशाला केला?' तो गप्प बसला. त्यानंतर फेब्रुवारी संपेपर्यंत तो अकरा वेळा बेलापूरला गेला.

शारजाची ऑफर

एप्रिल २०२४ च्या पहिल्या आठवड्यात भावोजींच्या नात्यातले एक गृहस्थ घरी आले. लग्नाकार्यात भेटणारे, हापूसची पेटी घेऊन. ते स्वतःला एजंट म्हणत नाहीत, 'मुलांची कामं करून देतो' म्हणतात. प्रस्ताव असा: शारजाहून जॉइनिंग, छोटा ऑइल टँकर, ओएसची (साध्या डेक खलाशाची) जागा, महिना ४५० डॉलर, नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट. खर्च दोन लाख ऐंशी हजार. अर्धे आता, अर्धे व्हिसा आल्यावर. 'बाहेर साडेतीन घेतात. घरातला मुलगा म्हणून.'

माझं ठाम मत आहे की आमच्याकडच्या घरांना हे बेकायदा आहे हे ठाऊक असतं. भरती करणाऱ्याने खलाशाकडून नोकरीचे पैसे घ्यायचे नाहीत, असं भारताचे नियम सांगतात. सागरी कामगारांचा आंतरराष्ट्रीय करार, एमएलसी २००६, हेच सांगतो आणि भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. खलाशाने स्वतः करायचा खर्च म्हणजे मेडिकल, सीडीसी आणि पासपोर्ट. व्हिसासुद्धा मालकाने काढायचा. ताईला यातला करार माहीत नसेल, पण पैसे देऊन मिळणारी नोकरी सरळ नसते हे तिला नीट कळत होतं. तरी ती म्हणाली, 'देऊन टाकू या. हप्ता तर जातोच आहे.' भावोजींनी पाटल्यांचा विषय काढला. दहा महिने घरात बसलेला मुलगा, मेडिकलची मुदत डिसेंबरात संपणार, आणि बाजारात जो भेटेल तो विचारणार, 'काय, अजून बोट नाही?' या वाट बघण्याला घर इतकं कंटाळलेलं असतं की कुणी तारीख सांगितली की पुढचं काही ऐकू येत नाही. त्या गृहस्थांनी तारीख सांगितली होती: २ मे.

मी दोन दिवस मागितले.

पहिलं, आरपीएसएल. खलाशी भरती करायला डीजी शिपिंगचा, म्हणजे केंद्राच्या जहाज खात्याचा, परवाना लागतो, त्याचा नंबर असतो, आणि परवान्यांची यादी त्यांच्या वेबसाइटवर बघायला मिळते. ऑफर लेटरवर नंबर होता. यादीतही तो सापडला, कंपनी खरी, परवाना चालू. भावोजी म्हणाले, 'बघा!' पण लेटरवरचा फोन आणि यादीतला फोन वेगळे होते, आणि ईमेल जीमेलचा. यादीतल्या फोनवर विचारलं तर तिकडची बाई कंटाळलेल्या आवाजात म्हणाली, 'सर, हे लेटर आमचं नाही. या महिन्यातला हा चौथा फोन आहे.' नंबर खरा आहे एवढं बघून माणसं थांबतात, आणि तेवढ्यावरच हा धंदा चालतो. फोन करायचा तो यादीतल्या नंबरावर, कागदावरच्या नाही.

हे सांगितल्यावर गृहस्थ गडबडले नाहीत. 'ते लेटर फक्त दाखवायला असतं. काम आपलं डायरेक्ट ओनरशी आहे,' म्हणाले, आणि बोटीचं नाव आणि आयएमओ नंबर दिला.

आयएमओ नंबर, म्हणजे बोटीचा कायमचा ओळख क्रमांक, सात आकडी असतो आणि सातवा आकडा आधीच्या सहांवरून निघतो. पहिल्या सहा आकड्यांना ओळीने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचं आणि बेरजेचा शेवटचा आकडा बघायचा. नमुना म्हणून ९०७४७२९ घ्या. ६३, ०, ३५, १६, २१, ४, बेरीज १३९, शेवटी ९, जुळलं. मी लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला त्या बोटीचं गणित मांडलं. माझी खात्री होती की जुळणार नाही, आणि सगळ्यांसमोर पत्रिका टेबलावर ठेवायची असं मनात ठरवलंही होतं. गणित जुळलं. बोट खरी होती.

मग भाच्याने मोबाइलवर इक्वासिस ही साइट उघडली. तिथे नाव नोंदवून कुणालाही बोटीचा इतिहास फुकट बघता येतो. बोट माझ्या भाच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी निघाली. गेल्या सहा वर्षांत तिची तीन नावं झाली होती आणि झेंडेही, म्हणजे नोंदणीचे देशही, तीन. मालकाच्या रकान्यात एक कंपनी, जिच्याकडे ही एकच बोट. यातलं काहीही बेकायदा नाही. पण खलाशाचे पगार थकवून मालक गायब होतो तो बहुतेक वेळा अशाच बोटीवर. आयटीएफने, म्हणजे वाहतूक कामगारांच्या जागतिक महासंघाने, २०२४ सालचे आकडे दिले त्यात ३१२ बोटींवर ३,१३३ खलाशी असे वाऱ्यावर सोडलेले होते, आणि त्यात सगळ्यात जास्त, ८९९, भारतीय होते. आयएलओकडे (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे) अशा बोटींची यादी आहे, नावावरून किंवा नंबरावरून शोधता येते. ही बोट त्यात नव्हती. तेवढंही मी घरात सांगितलं, कारण फक्त वाईट तेवढंच सांगितलं असतं तर पुढचं कुणी ऐकलं नसतं.

दुसऱ्या दिवशी व्हिसाचं विचारलं. 'व्हिजिट व्हिसा. विमानतळावर विचारलं तर मावसभावाकडे चाललोय म्हणायचं. सीडीसी बॅगेच्या तळाला ठेवायची.' भावोजींचा चेहरा इथे पहिल्यांदा बदलला. परदेशी बोटीवर जाणाऱ्या खलाशाची माहिती परवानाधारक कंपनी आधी सरकारी ऑनलाइन यंत्रणेत भरते, आणि विमानतळावर ती बघितली जाते. ज्याच्यामागे अशी कंपनीच नाही त्याला पर्यटक होऊनच जावं लागतं. आणि पर्यटक म्हणून गेलेला मुलगा बोटीवर चढला तरी कागदोपत्री चढलेलाच नसतो. पगार अडकला, हात मोडला, बोटीत भलताच माल सापडला, तर विचारायचं कुणाला? आणि नऊ महिने घासून आला तरी तो सी टाइम धरतील याची खात्री नाही. ज्या सहा महिन्यांसाठी पैसे मोजायचे तेच मिळणार नव्हते.

मी हे मांडत असताना १३ एप्रिलची ती बातमी आली. होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ इराणने एमएससी एरीज पकडली, पंचवीसपैकी सतरा भारतीय. टीव्ही दिवसभर तेच दाखवत होता. ताईने चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, 'तिकडेच जायचंय ना याला?' मी इतके दिवस घसा कोरडा केला त्याने झालं नव्हतं ते या एका बातमीने झालं. खरं म्हणजे ती बोट या प्रकरणाच्या अगदी उलटं उदाहरण होती. मोठी कंपनी, सगळ्यांचे कागद पक्के, म्हणून सरकार नावानिशी पाठपुरावा करू शकलं. केरळची एक कॅडेट मुलगी चार-पाच दिवसांत घरी आली, मे महिन्यात आणखी पाच जण सुटले. आमच्या पोराचं तसं झालं असतं तर कुणाच्या यादीत त्याचं नाव तरी असतं का? पण हे मी त्या दिवशी बोललो नाही. ताईचा नकार मिळत होता, तो मी घेतला.

त्या गृहस्थांची तक्रार आम्ही कुठेही केली नाही. करायला हवी होती. नातं आडवं आलं. भाच्याच्याच बॅचमधला दापोलीकडचा एक मुलगा त्या जागेवर गेला. पैसे त्याच्या मामाने दिले, असं कळलं.

समोरची बोट

मे महिन्यात मी तवसाळला आठ दिवस राहिलो. जयगडला जाणाऱ्या फेरीबोटीवर एक जुना ओळखीचा सारंग भेटला. त्याच्या शेजारी उभा राहून मी समोरच्या त्या लहान बोटी बघत होतो. बंदरात मोठी बोट माल उतरवते, आणि तो माल किनाऱ्याकिनाऱ्याने रायगडातल्या धरमतरच्या खाडीत नेतात त्या या मिनी बल्क कॅरिअर. सारंग म्हणाला, 'यांना बार्ज म्हणू नका. यातल्या काहींवर सीडीसीशिवाय घेत नाहीत.'

मला लाज वाटली. आठ महिने मी पोराला ज्याच्यापासून लांब ठेवलं होतं ते त्याच्या ओटीसमोर तरंगत होतं.

सरसकट सगळ्या चालत नाहीत, हे खरं. फक्त इनलँडच्या (देशातल्या नद्या-खाड्यांच्या) नोंदणीवर खाडीत फिरणारी बोट असेल तर तिच्यावरचे महिने पुढे फॉरेनला उपयोगी पडतीलच असं नाही. म्हणून भाच्याला एका कागदावर तीन प्रश्न लिहून दिले. नोंदणी मर्चंट शिपिंग कायद्याखाली आहे का? ग्रॉस टनेज (बोटीच्या आकाराचं माप) ५०० किंवा त्याच्या वर आहे का, कारण वॉचकीपिंगच्या (पहाऱ्याच्या ड्युटीच्या) सर्टिफिकेटसाठीचा सी टाइम त्याच मापाने धरतात? आणि आर्टिकल्सवर (बोटीवरच्या नोकरीच्या करारावर) सही होऊन सीडीसीत नोंद होणार का? पगाराचा प्रश्न मुद्दाम लिहिला नाही. त्याने तो तरीही विचारला, आणि बरोबरच केलं.

या बोटी चालवणाऱ्या एका कंपनीचं ऑफिस मुंबईत. जूनपासून तो तिथे सात वेळा गेला. तिथेही 'मेल करा' हेच. पण इथे खोका नव्हता. समोर एक निवृत्त कॅप्टन बसत, आणि तिसऱ्या खेपेपासून ते त्याला तोंडाने ओळखू लागले. पाचव्या खेपेला त्यांनी त्याला बोलाइनची गाठ बांधून दाखवायला सांगितली. ऑफिसात दोर कुठला, तर मोबाइलच्या चार्जरच्या वायरने. त्याने बांधली. मग म्हणाले, 'पाठीमागे हात घेऊन.' तीही जमली. घरी गोठ्यातल्या दाव्यावर त्याने वर्षभर दुसरं केलं काय होतं?

सप्टेंबरच्या शेवटी एका ट्रेनीने घरच्या अडचणीमुळे येत नाही म्हणून कळवलं, आणि याला फोन आला. 'परवा जयगडला येऊ शकतोस?' पोरगा म्हणाला, 'सर, मी समोरच राहतो.' परवाचे दहा दिवस झाले, मेडिकल पुन्हा करावं लागलं कारण जुन्याचे अडीचच महिने उरले होते, पण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो चढला. ट्रेनी ओएस, महिना चौदा हजार. भावोजींनी रुपये का डॉलर असं दोनदा विचारलं.

काम कष्टाचं आहे. कोळशाची धूळ नाकातून तीन दिवस निघत नाही. हॅच उघडा, झाका, धुवा, दोर ओढा, आणि धरमतरला भरती-ओहोटीची वाट बघत बसा. पण व्हीलवर, म्हणजे सुकाणूवर, उभं राहायला मिळालं, कारण छोट्या बोटीवर माणसं कमी. मोठ्या बोटीवर ट्रेनीला सहा महिने गंज काढायच्या चिपिंग हॅमरशिवाय काही मिळालं नसतं, असं मला वाटतं. बोसनने, म्हणजे डेकवरच्या मुकादमाने, त्याला पहिल्याच आठवड्यात दोर कुठे उभं राहून धरायचा नाही ते दाखवलं. बोट धक्क्याला बांधायचा मुरिंगचा दोर तुटला की परत झेपावतो तो पट्टा. बोसनने खडूने डेकवर रेघ मारली आणि म्हणाला, 'याच्या आत पाय दिसला तर मी स्वतः साइन ऑफ करून घरी पाठवीन.'

दापोलीचा तो मुलगा डिसेंबरात परत आला. बोट नांगर टाकून अँकरेजला उभी होती, पगार दोनच महिन्यांचा मिळाला, परतीचं तिकीट घरच्यांनी काढलं. रीतसर जॉइन झालेल्या माणसासाठी २०१७ पासून बोटीवर विम्याचं सर्टिफिकेट लावलेलं असावं लागतं. मालक पळाला तर चार महिन्यांपर्यंतचा पगार आणि घरी परतण्याचा खर्च त्यातून निघतो. त्याने असा कागद बोटीवर पाहिला नव्हता. त्याच्या सीडीसीची पानं अजून कोरी आहेत. त्याने भाच्याला फोन करून त्या कॅप्टनचं नाव विचारलं, आणि याने दिलं.

आत्ताची स्थिती अशी. भाच्याचे आठ महिने भरले, तो साइन ऑफ झाला आणि वॉचकीपिंगच्या सर्टिफिकेटसाठी अर्ज केला. एबी व्हायला त्यापुढे आणखी अठरा महिन्यांचा सी टाइम, कोर्स जोडला तर बारा. पतपेढीचे अजून चौदा हप्ते आहेत. बेलापूरच्या दोन ऑफिसांनी या वेळी बायोडेटा हातात घेतला. एकाने विचारलं, 'फॉरेनचा अनुभव?' दुसऱ्याने टँकरचा बेसिक कोर्स आहे का विचारलं. भाचा मला म्हणतो, 'मामा, कोर्स करून टाकू का?' मी म्हटलं, आधी त्या ऑफिसला विचार, कोर्स केला तर कोणत्या बोटीवर आणि कधी, आणि ते मेलवर लिहून मागून घे. रात्रीच्या एसटीचं तिकीट त्याने काढलंय. पनवेलला पहाटे साडेचारला उतरेल.